पगार हातात टिकत नाही: पोटात असतानाच दारू-तंबाखू पोहोचलेली मुलं कमावती झाल्यावर

खाडीकाठ (कळवा)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज गरज पडली म्हणून लिहिते आहे.

माझा भाचा २३ वर्षांचा आहे. महाप्याला कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावण्याचं काम करतो, ठेकेदाराकडून. हातात १४,५०० येतात. पगार सात तारखेला होतो आणि बारा तारखेला तो माझ्याकडे शंभर रुपये मागायला येतो. दारू नाही, जुगार नाही, गुटखासुद्धा नाही.

गेल्या महिन्यात त्याला शेजारी बसवून बँकेचं स्टेटमेंट वाचलं. पगार जमा झाला त्याच दुपारी मोबाईलचा हप्ता २,१६० गेला. मग एका मित्राला ३,०००. याच मित्राने आधीचेही परत केलेले नाहीत. ४९९, २९९, १९९ असे ऑटोपे, त्यातली दोन अ‍ॅप कसली ते त्यालाच आठवेना. तीन कर्ज-अ‍ॅपचे हप्ते. संध्याकाळी कोपरखैरणे स्टेशनबाहेर ९०० चे हेडफोन, रात्री सगळ्यांना बिर्याणी १,४००, दुसऱ्या दिवशी आईला साडी. मी विचारलं, अरे भाडं कशातून देणार होतास? तो खरंच गोंधळला. म्हणाला, "पण भाडं वीस तारखेला असतं ना, आत्या." तो खोटं बोलत नव्हता. सात तारखेला वीस तारीख त्याला दिसतच नव्हती.

झोपेच्या तक्रारीसाठी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं. त्यांनी अगदी जन्माच्या आधीपासूनचं विचारलं, आणि वहिनीने आपणहून सांगितलं की हा पोटात असताना ती प्यायची. माझा भाऊ पिऊन यायचा, तिलाही जबरदस्तीने बसवायचा. पुढे मार सोसावा म्हणून ती स्वतःच घ्यायला लागली. भाऊ आता नाही. वहिनीने तर दारू कधीच सोडली. पुढच्या चाचण्यांनंतर डॉक्टर म्हणाले की गर्भातल्या दारूचा मेंदूवर परिणाम झालेला दिसतो. बुद्ध्यांक ८२ आला. म्हणजे बौद्धिक अक्षमतेत बसत नाही, आणि जगात वावरताना तर पदोपदी अडतो.

अ‍ॅपवाल्यांचं सगळं मिळून ३८,००० देणं आहे. त्याच्या हातात पैसे ठेवायचे की काढून घ्यायचे? अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का? आणि वहिनीने त्या दिवसापासून जेवण टाकल्यासारखं केलंय, तिच्याशी काय बोलू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

शिक्षिका_वाशी

ताई, तुमच्या वहिनींनी डॉक्टरांना खरं सांगितलं, ही या मुलासाठी झालेली सगळ्यात मोठी मदत आहे. चेहऱ्यावरच्या तिन्ही खुणा नसतील, तर आईने दारू घेतल्याची खात्री असल्याशिवाय हे निदान होत नाही. या खुणा म्हणजे पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट पन्हळ आणि आखूड डोळे. त्या थोड्याच मुलांत दिसतात. बाकीची चारचौघांसारखी दिसतात, गोड बोलतात, आणि आळशी, उधळ्या, बेजबाबदार अशी नावं घेत मोठी होतात.

हे काही नवं खूळ नाही. फ्रान्समध्ये लेमोईन यांनी १९६८ मध्ये अशा मुलांबद्दल लिहिलं, १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं. आता गर्भातल्या दारूने होणाऱ्या सौम्य ते तीव्र अशा या सगळ्या पट्ट्याला एफएएसडी (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) म्हणतात. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाचं यकृत ती निस्तरू शकत नाही. मेंदूचे अनेक भाग दुखावतात, त्यात पुढचा विचार करणं, मोह आवरणं, कालच्या चुकीवरून आज शहाणं होणं ही कामं करणाराही असतो. म्हणून अशी मुलं पाढे म्हणतात पण सुट्टे पैसे मोजताना चुकतात. नियम तोंडपाठ असतो, वेळेवर वापरता येत नाही.

मोठेपणी काय होतं यावर सिअ‍ॅटलच्याच अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांचा १९९६ चा अभ्यास आहे. त्यातल्या २१ वर्षांवरच्या साधारण ८० टक्के लोकांना स्वतंत्रपणे राहणं जमत नव्हतं आणि नोकरीच्या अडचणी होत्या. त्याच अभ्यासात दिसलं की लवकर निदान आणि स्थिर, मायेचं घर मिळालेल्यांचं बरं चाललं होतं. आपल्याकडे निदान बहुधा होतच नाही, त्यामुळे हाती उरतं ते घर.

पैशांबद्दल माझा अनुभव: महिना विसरा, आठवडा धरा. पगाराच्या दिवशीच भाडं आणि वीजबिल जाऊ दे, उरलेल्याचे आठवड्याप्रमाणे भाग. एका वेळी एकच सूचना द्या, तीही दर वेळी त्याच शब्दांत. उपदेश बंद. त्याला कळत नाही असं नाही, ऐन वेळी आठवत नाही. दुकानासमोर उभा असताना समोर काहीतरी दिसलं पाहिजे, मग तो मोबाईलच्या पडद्यावर "भाडं गेलं का?" एवढा प्रश्न असला तरी पुरतो.

नौपाडकर

माफ करा, पण मला हे सगळं पटत नाहीये आणि ते स्पष्ट लिहितो. माझी आजी, आई, दोन्ही मावश्या, सगळ्यांच्या मिश्रीच्या (दात घासायच्या तंबाखूच्या) डब्या होत्या. आम्ही भावंडं शिकलो, नोकऱ्या केल्या, घरं घेतली. आज २३ वर्षांच्या कुठल्या मुलाचा पगार वीस तारखेपर्यंत टिकतो? १४,५०० मध्ये कळव्यात भाडं भरून टिकणार तरी काय? ज्या घरात बाप प्यायचा आणि आई मार खायची, त्या घरात मुलाला हिशेब कोण शिकवणार होतं? हा गरिबीचा आणि वळणाचा प्रश्न आहे. डॉक्टरी नाव दिलं की पोरगा म्हणेल, माझा मेंदूच असा, मी काय करू. मला त्या मुलाची काळजी वाटते म्हणूनच लिहितोय.

सिस्टर_दिवा

नौपाडकर काका, तुमच्या म्हणण्यातलं अर्धं मला मान्य आहे. अशा घरांत दारू, मार, उपासमार, अपुरी झोप हे सगळं एकत्र नांदतं, आणि कशाचा किती वाटा हे एका मुलापुरतं कुणालाच वेगळं काढता येत नाही. पण मिश्रीचं म्हणाल तर आपल्या मुंबईतच अभ्यास झालाय. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, १,२१७ गरोदर बायांचा. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. त्या बायांत सगळ्यात जास्त चालत होती ती मिश्रीच. सरासरी म्हणजे प्रत्येक बाळ नव्हे, तुमच्या घरी सगळे धडधाकट निघाले याचा आनंदच आहे. आणि दारू व मिश्री एका मापाने मोजू नका. मेंदूला थेट इजा करण्याच्या बाबतीत दारूचा पुरावा फार भक्कम आहे, आणि गरोदरपणी अमुक इतकी चालते असं कुठलंही प्रमाण नाही.

दिव्यात, मुंब्र्यात घरभेटीला गेलं की आम्ही "दारू पिता का, मिश्री लावता का" असं थेट विचारत नाही. सासू बाजूला बसलेली असते, बाई नाहीच म्हणणार. "दात कशाने घासता?" असं विचारलं की डबी आपोआप पुढे येते. दारूचं मात्र तिसऱ्या-चौथ्या भेटीत, नवरा घरी नसताना निघतं. बऱ्याच बायांना पोटुशी असल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत कळलेलंच नसतं.

खाडीकाठ ताई, वहिनींना सांगा की त्या मारातून वाचण्यासाठी धडपडत होत्या, आणि बाळाला असं काही होतं हे तेव्हा त्यांना सांगायला कुणी आलं नाही. सांगण्याचं काम आमच्यासारख्यांचं होतं. जेवण सुटलंय हे मात्र हलकं घेऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पुन्हा प्यावंसं वाटतंय असं म्हणाल्या तर १४४४६.

पारिजात२६

मी इथे सहसा लिहीत नाही. मी त्या मुलासारखी आहे.

आई खारघरला बिल्डिंगच्या कामावर घमेली वाहायची. नवी मुंबई तेव्हा उभी राहत होती. संध्याकाळी अंग ठणकायचं म्हणून सगळ्या बाया देशी घ्यायच्या, आईपण. मी पोटात होते. आईनेच मला सांगितलं, डॉक्टर नंतर भेटले. मला तिचा राग नाही.

पैसा कसा जातो ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही मजा करतो. मी घणसोलीहून ठाण्याला कामाला जाते. महिन्याचा पास संपायचा तेव्हा हातात पैसे नसायचे. मग रोज तिकीट काढायचं, ते पासापेक्षा महाग. एखाद्या दिवशी तेवढेही नसायचे, तशीच चढायचे. टीसीने पकडलं की २५० दंड आणि भाडं वेगळं. दंड भरला म्हणून आठवडाभर डबा नाही, वडापाव. दंडाची भीती वाटली की कामावर दांडी. दांड्या झाल्या की काम गेलं. काम गेलं की पीएफ काढून खायचा. दर नोकरीचा पीएफ मी असाच संपवला. सगळं सुरू कुठून झालं, तर पासाचे पैसे त्या दिवशी नव्हते म्हणून.

नौपाडकर काका, मला निदान कळल्यावर मी प्रयत्न सोडले नाहीत. आधी मी स्वतःला मूर्ख समजून रडायचे, त्यात दिवस जायचा. आता मला माहीत आहे की मी लक्षात ठेवू शकत नाही, म्हणून मी लक्षात ठेवायच्या भरवशावर राहत नाही. पास तीन महिन्यांचा काढते. पगाराच्या दिवशी मैत्रीण सोबत येते आणि आम्ही आधी पासाच्या खिडकीवर जातो, मग घरमालकीणबाईंकडे. त्यानंतर मी काय घेते यावर ती एक शब्द बोलत नाही. ती बोलली असती तर मी तिला नेलं नसतं.

रोखपाल

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची काही ठाण्यातच. पारिजात, तू जे लिहिलंस ते मी काउंटरपलीकडून रोज पाहिलं आहे, कारण मात्र आज समजलं.

खाडीकाठ, क्रमाने करा. पगाराचं खातं यूपीआयपासून पूर्ण तोडा. दुसरं साधं बचत खातं उघडा, यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पगार खात्यावरून भाडं जमा होण्याची स्थायी सूचना पगाराच्या दुसऱ्याच दिवशीची ठेवा आणि दर सोमवारी खर्चाच्या खात्यात ठरलेली रक्कम वळवण्याची दुसरी. १,२०० असो की १,५००, रक्कम त्यानेच ठरवावी. ऑटोपे रद्द करायला यूपीआय अ‍ॅपमध्येच मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्यांची, यादी असते, त्याच्यासमोर बसून एकेक बंद करा.

दुसरा मार्ग म्हणजे २०२४ मध्ये आलेलं यूपीआय सर्कल. खातं तुमचं, वापरणारा तो. एका प्रकारात त्याच्या प्रत्येक खर्चाला तुमची मंजुरी लागते. दुसऱ्यात तुम्ही महिन्याची मर्यादा घालून देता, ती जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहाराला ५,०००.

आता कर्ज. तिन्ही अ‍ॅपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते, खर्चासकट वार्षिक दर लिहिलेलं तथ्यपत्रक द्यावं लागतं, आणि अ‍ॅपला फोनमधले नंबर-फोटो चाळता येत नाहीत. ५,००० मंजूर करून हातात ३,८०० टेकवले आणि आठवड्यात ५,००० मागितले, असा प्रकार असेल तर ते अ‍ॅप बेकायदा समजा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करा, धमक्या किंवा फोटोंचा गैरवापर असेल तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० नंबरवर लगेच. नोंदणीकृत संस्थेचं असेल तर आधी त्यांना लेखी द्या, ३० दिवसांत दाद लागली नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन १४४४८. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे. हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेतील, ही निव्वळ भीती घालण्याची भाषा. आणि कृपा करून हे ३८,००० फेडायला चौथं अ‍ॅप नको.

ठाणे_कोर्टनाका

प्रमाणपत्राबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, एफएएसडी त्यात नावाने नाही. पण कायदा कारण विचारत नाही, अडचण किती ते विचारतो. त्यामुळे बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा मानसिक आजार यांपैकी जे त्याला लागू पडतं त्यातून जावं लागेल. लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. नुसत्या बुद्ध्यांकावर समाधान मानू नका. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीवर, म्हणजे रोजचं जगणं किती जमतं यावर धरली होती. त्यात ७० ते ८४ गुणांना २५ टक्केच मिळत आणि ५५ ते ६९ ला ५०. बुद्ध्यांक ८२ असलेल्या या मुलाचे त्या चाचणीत गुण बरेच कमी येऊ शकतात, या निदानात तसं दिसतं. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, तेव्हा तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाकडे सध्याचा तक्ता मागा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र). सोबत शाळेचे जुने दाखले, नोकऱ्या सुटल्याची पत्रं आणि ते स्टेटमेंटसुद्धा न्या.

४० टक्के मिळाले तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा विचार करा. दिव्यांगांना ते २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० केलं. उत्पन्नाची अट कडक आहे, तहसील कार्यालयात विचारा. ठेकेदार ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) भरतो का तेही पाहा. पगार २१,००० पर्यंत असेल तर हक्काचं आहे, दिव्यांगांना २५,००० पर्यंत.

पालकत्व घेऊन सगळे व्यवहार आपल्या नावावर करावेत, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेल. माझं मत विरुद्ध आहे. त्याच कायद्याचं कलम १४ 'मर्यादित पालकत्व' सांगतं, म्हणजे ठरावीक बाबीपुरतं, त्याच्यासोबत बसून निर्णय. त्याला मत द्यायचंय, उद्या लग्न करायचं असेल. भाड्याच्या अडचणीवर न्यायालयाचा हुकूम कशाला? आधी रोखपाल यांनी सांगितलेलं करून पाहा.

शिक्षिका_वाशी

+१. यूपीआय सर्कलमध्ये प्रत्येक खर्चाला मंजुरीचा प्रकार मी टाळेन. चहाचे पंधरा रुपये द्यायला २३ वर्षांच्या मुलाने मित्रांसमोर आत्याच्या होकाराची वाट पाहायची, हे फार लागतं. महिना मर्यादेचा प्रकार चालेल.

कामाचंही बघायला हवं. सायनला दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, पूर्वीचं व्हीआरसी, म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र. तिथे कुवत तपासून कामाची दिशा देतात. गोदामातल्या मुकादमाला निदान सांगायची गरज नाही. "याला एका वेळी एकच काम सांगा आणि फळ्यावर लिहा," एवढं सांगितलं तरी नोकरी टिकायला मदत होते.

रोखपाल

मंजुरीच्या प्रकाराबाबत मी असहमत. पहिले दोन-तीन महिने, मित्र उधार मागणं थांबेपर्यंत, तो हवाच. मित्राला ३,००० देण्याआधी कुणीतरी "थांब" म्हणणं हीच तर इथली नेमकी गरज आहे.

पारिजात२६

काका, तसं असेल तर तो रोखीत देईल. नाहीतर अजून एक अ‍ॅप घेईल. लपवायला शिकेल.

नौपाडकर

पारिजात, तुझा पासाचा हिशेब वाचून मी थांबलो. वळण लावायला हवं यावर मी अजूनही ठाम आहे, पण तू जे करतेस ते वळणच आहे. फक्त ते बाहेरून बांधलेलं आहे. खाडीकाठ, मी निवृत्त आहे, कागदपत्रांची मला सवय आहे. यूडीआयडीचा अर्ज भरायला किंवा लोकपालाची तक्रार लिहायला मदत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाडीकाठ (कळवा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला शेजारी बसवून धागा वाचायला दिला, पूर्ण. त्याची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.

खर्चाचं वेगळं खातं उघडायला तो तयार आहे, आठवड्याला १,३०० त्यानेच ठरवले. मंजुरीच्या प्रकाराला साफ नाही म्हणाला, मीही जोर केला नाही. मित्राला काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचेना, तेव्हा एक वाक्य लिहून मोबाईलमध्ये ठेवलं: "माझे पैसे आता आत्याकडे असतात." खरं नाही, पण त्याला बोलायला सोपं पडतं. तीन अ‍ॅपपैकी एक बेकायदा निघालं, त्याची सचेतवर तक्रार टाकली. नौपाडकर काका, व्यनि केलाय.

वहिनीला सिस्टरचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. मी तिथे असेपर्यंत पोळी खाल्ली. टेली-मानसला आम्ही दोघी रविवारी मिळून फोन करणार आहोत.

पारिजात, भाच्याने तुला विचारायला सांगितलंय: तीन महिन्यांचा पास मोबाईलवर निघतो का, आणि जुना संपायच्या आधी काढला तर दिवस वाया जातात का?

पारिजात२६

मोबाईलवर निघतो. दिवस वाया जात नाहीत, संपायच्या दहा दिवस आधीपासून नवा काढता येतो, जुना संपला की नवा सुरू होतो. पण मी खिडकीवरच काढते, कारण फोन बिघडला किंवा विकावा लागला तरी पास हातात राहतो. त्याला सांगा, कोपरखैरणेला संध्याकाळी रांग मोठी असते, सकाळच्या पाळीआधी जा. आणि पहिल्यांदा एकटा जाऊ नको.